हात बसतो, पण कोणाच्या जिवावर?

आपल्या मराठीत 'हात बसणे' असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. पुरणपोळी लाटायला शिकणाऱ्या मुलीच्या पहिल्या पोळ्या फुटतात, पुरण तव्यावर येते. चार सणांना पोळ्या केल्या की तिचा हात बसतो. शिवणयंत्रावर बसलेल्या बाईचा, पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलाचा हातही असाच सरावाने बसतो. फुटलेली पोळी घरातच खपते, वाकडी शिवण उसवता येते, पाटी पुसता येते. परंतु शल्यविशारदाचा, म्हणजे सर्जनचा, हात बसायचा तो शेवटी माणसाच्या देहावरच. तेथे उसवणे नाही आणि पुसणेही नाही. मग हा हात बसेपर्यंत त्याची किंमत कोणी मोजायची?

हा प्रश्न आम्ही आज एका विशिष्ट शस्त्रक्रियेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत. स्तनाच्या कर्करोगात काखेतील 'पहारेकरी' ग्रंथी शोधून तपासण्याची ही शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर मंडळी तिला सेंटिनल लिम्फ नोड बायॉप्सी म्हणतात. आपल्या मॉरिशसमध्ये स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. त्यामुळे हा विषय परक्याचा नाही, आपल्याच आया-बहिणींचा आणि मावशी-काकूंचा आहे. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. कोणत्या रुग्णाने कोणता उपचार घ्यावा हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण माणूस एखादी गोष्ट कशी शिकतो आणि तो खरोखर शिकला की नाही हे कसे ओळखावे, हा तर आमचा रोजचा व्यवसाय आहे. त्याच बाजूने आम्ही या विषयाकडे पाहणार आहोत.

पहारेकरी म्हणजे कोण?

स्तनातील रोगाच्या पेशी पसरू लागल्या की त्या लसिकावाहिन्यांतून बहुधा प्रथम काखेतील ग्रंथींत येतात. काखेच्या चरबीत अशा २० ते ३० ग्रंथी दडलेल्या असतात. पूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया करताना त्यांतील बहुतेक ग्रंथी सरसकट काढून टाकीत. रोग तेथवर पोहोचला आहे की नाही हे त्यामुळे कळे. परंतु ज्या बाईच्या ग्रंथी निर्दोष निघत, तिलाही तीच शिक्षा होई. कोणाचा हात सुजे, कोणाचा दंड बधिर होई, कोणाचा खांदा वर जाईनासा होई. सुजलेल्या हातात बांगडी चढत नाही, धुणे पिळता येत नाही, भरलेली पिशवी उचलवत नाही. ही सूज कित्येकींना जन्मभर पुरते.

१९९० नंतरच्या काही वर्षांत यातून वाट निघाली. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ साली त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात निळ्या रंगाच्या साहाय्याने पहिली ग्रंथी शोधून दाखवली. १९९३ साली डेव्हिड क्राग यांनी स्तनाच्या कर्करोगात किरणोत्सारी द्रव्य वापरून, तर १९९४ साली अर्मांडो जुलियानो यांनी निळा रंग वापरून तेच साधल्याचे प्रसिद्ध केले. कल्पना साधी आहे. स्तनातील लसिका ज्या एक-दोन ग्रंथींत सर्वांत आधी पोहोचते, त्या घराच्या दारावरच्या पहारेकरी. पहारेकरी सुरक्षित असेल तर चोर बहुधा आत शिरलेला नाही, मग सारे घर उपसायचे कशाला?

प्रत्यक्षात स्तनात थोडे टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य टोचतात आणि निळा रंगही टोचतात. मग काखेत लहानसा छेद देऊन, किरणे ओळखणारी कांडी फिरवीत, तिच्या आवाजाच्या आणि निळ्या रेषेच्या मागाने जाऊन ती ग्रंथी काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. याचा लाभ मोजलेला आहे. ब्रिटनमध्ये १०३१ स्त्रियांवर झालेल्या 'अल्मनॅक' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर जुन्या पद्धतीच्या गटात १३ टक्के स्त्रियांच्या हाताला सूज होती, नव्या पद्धतीच्या गटात ५ टक्के. बधिरपणा जुन्या गटात ३१ टक्के, नव्या गटात ११ टक्के.

चूक दिसते आणि चूक लपते

या कामात दोन प्रकारांनी चूक होते. पहिल्या प्रकारात पहारेकरी ग्रंथी सापडतच नाही. ही चूक सर्जनला तेथल्या तेथे कळते. दुसऱ्या प्रकारात सापडलेली ग्रंथी निर्दोष ठरते, पण रोग शेजारच्या न काढलेल्या ग्रंथीत बसलेला असतो. ही चूक कोणालाच कळत नाही. सर्जन समाधानाने हातमोजे काढतो, बाई आनंदाने घरी जाते, आणि तिच्या पुढच्या उपचाराचा हिशेबच चुकीच्या आकड्यावर मांडला जातो.

आमच्या वर्गातही असेच असते. एक मुलगा उत्तराची जागा कोरी सोडतो. दुसरा सुंदर अक्षरात चुकीचे उत्तर लिहून पाटी पालथी ठेवतो. पहिल्याला मदत करणे सोपे आहे. दुसऱ्याची चूक पाटी उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून 'मी पुष्कळ शस्त्रक्रिया केल्या आहेत' एवढ्याने प्रावीण्य सिद्ध होत नाही. त्या पाट्या कोणीतरी उलटून पाहिल्या आहेत काय, हा खरा प्रश्न.

जुलियानो यांनी स्वतःची पाटी स्वतःच उलटून दाखवली, याचे आम्हाला मोठे कौतुक वाटते. त्यांच्या १९९४ च्या लेखात १७४ शस्त्रक्रियांचा हिशेब आहे. पहारेकरी ग्रंथी सापडली ती फक्त ११४ वेळा, म्हणजे ६५.५ टक्के. त्यांतही ५ वेळा ती निर्दोष दिसली आणि रोग दुसरीकडे निघाला. पण या पाचही चुका पहिल्या भागातल्या होत्या. शेवटच्या ८७ शस्त्रक्रियांत जेथे ग्रंथी सापडली तेथे तिने एकदाही फसवले नाही. हात बसणे म्हणजे काय, ते याहून स्पष्ट कोणत्या आकड्यांनी सांगावे?

या पाच चुका कळल्या कशा, हे अधिक महत्त्वाचे आहे. पहारेकरी काढून झाल्यावर त्यांनी जुन्या रीतीप्रमाणे बाकीच्या ग्रंथीही काढल्या होत्या आणि तपासल्या होत्या. त्या स्त्रियांना नेहमीचा पूर्ण उपचार मिळालाच. नवे शिकण्यापायी त्यांच्या वाट्याचे काही कमी झाले नाही. शिकणाऱ्यापुढे मात्र उत्तरपत्रिका उघडी होती. शिकण्याची याहून न्याय्य रीत आम्हाला ठाऊक नाही.

१९९८ साली क्राग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक डोळे उघडणारा हिशेब दिला. ११ सर्जनांनी ४४३ स्त्रियांवर हीच शस्त्रक्रिया एकाच पद्धतीने केली. सर्वांचा मिळून लपलेल्या चुकांचा दर ११.४ टक्के आला. पण सर्जनागणिक पाहिले तर कोणाचा शून्य, तर कोणाचा २८.६ टक्के! कांडी तीच, द्रव्य तेच, फरक पडला तो हाताचा.

किती केल्या म्हणजे पुरे?

यानंतर ठिकठिकाणी नियम झाले. अमेरिकेतील स्तन-सर्जनांच्या संघटनेने २००० साली सांगितले की, बाकीच्या ग्रंथी काढणे सोडून देण्यापूर्वी सर्जनने अशा २० शस्त्रक्रिया एकतर पूर्ण उत्तरपत्रिकेसह किंवा अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेल्या असाव्यात. ब्रिटनच्या अल्मनॅक चाचणीत भाग घेण्यापूर्वी प्रत्येक सर्जनला ४० शस्त्रक्रियांची परीक्षा होती. त्यांत ग्रंथी सापडण्याचे प्रमाण निदान ९० टक्के आणि लपलेल्या चुका ५ टक्क्यांहून अधिक नकोत, अशी अट होती.

येथे थोडे गणित करू या. एका सर्जनने २० शस्त्रक्रिया केल्या. समजा त्यांतील ६ स्त्रियांच्या ग्रंथींत रोग होता. लपलेल्या चुकीचे प्रमाण या ६ जणींतूनच काढायचे असते, कारण जिच्या ग्रंथींत रोगच नाही तिच्याबाबतीत तो निसटण्याचा प्रश्न येत नाही. सहाही बरोबर आल्या तर चूक शून्य. एक निसटली तर चूक जवळजवळ १७ टक्के. म्हणजे पहिला वर्ग आणि नापास यांच्यामध्ये फक्त एक बाई उभी आहे! इतक्या थोड्या संख्येवरून कोणालाही कायमचे प्रशस्तिपत्र देता येणार नाही. २० हा आकडा दार उघडण्यापुरता ठीक आहे. त्यानंतरही प्रत्येक सर्जनचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला गेला पाहिजे.

नुसती संख्या मोजण्यापेक्षा चांगली रीत ब्रिटनने २००४ पासून घालून दिली. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स आणि कार्डिफ येथील तज्ज्ञांनी 'न्यू स्टार्ट' नावाचा प्रशिक्षणक्रम सुरू केला. त्यात सर्जन एकटा शिकायला येत नसे. किरणोत्सारी द्रव्य टोचणारे, शस्त्रक्रियागृहातील परिचारिका, ग्रंथी तपासणारे रोगनिदानतज्ज्ञ असे सारे पथक एकत्र शिके. आधी अभ्यासवर्ग, मग मार्गदर्शक त्यांच्याच रुग्णालयात येऊन पहिल्या शस्त्रक्रियांच्या वेळी शेजारी उभा राही, आणि त्यानंतर ठराविक संख्येपर्यंत प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद मध्यवर्ती ठिकाणी तपासली जाई. थोड्या वर्षांत १००हून अधिक केंद्रांतील २००हून अधिक सर्जन असे तयार झाले. पहारेकरी सापडण्याचे त्यांचे प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर गेले. जुलियानो यांच्या आरंभीच्या ६५ टक्क्यांशी हे ताडून पाहावे. पहिल्या वाटाड्याला ठेचा लागल्या, त्या मागून येणाऱ्यांना पुन्हा लागल्याच पाहिजेत असे नाही. मात्र त्यासाठी वाट दाखवणारा शेजारी हवा.

अध्यापनाचे प्रशिक्षण घेताना आम्हालाही सराव पाठ द्यावे लागत. वर्गाच्या मागच्या बाकावर मार्गदर्शक वही घेऊन बसत. गाडी रुळावरून घसरते आहे असे दिसले की ते शांतपणे उठून पुढे येत आणि पाठ हाती घेत. मुलांचे नुकसान होत नसे आणि आमचे शिक्षणही होत असे. मग जेथे जिवाचा प्रश्न आहे, तेथे मागचे बाक रिकामे का असावे?

आजची नवी अडचण

कोणी म्हणेल, एवढी चांगली रीत सापडली आहे, तर चिंता कसली? चिंता अशी की ती उत्तरपत्रिकाच आता उरलेली नाही. अमेरिकेत ५६११ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीने २०१० साली दाखवले की, पहारेकरी निर्दोष असेल तर बाकीच्या ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढत नाही. २०११ साली जुलियानो यांच्याच दुसऱ्या चाचणीने दाखवले की, स्तन राखून शस्त्रक्रिया झाली असेल आणि पुढे किरणोपचार व औषधे मिळणार असतील, तर एक-दोन पहारेकरी ग्रंथींत रोग सापडला तरी सर्व ग्रंथी काढण्याची गरज बहुधा नसते. त्यामुळे आता केवळ शिकण्यासाठी कोणा बाईची काख रिकामी करणे हा अन्याय ठरेल. म्हणजे राहिला तो मार्गदर्शक आणि राहिली ती नोंदवही.

दुसरी अडचण त्याहून नवी आहे. इटलीतून चाललेल्या 'साउंड' चाचणीने २०२३ साली आणि जर्मनी-ऑस्ट्रियातील 'इन्सेमा' चाचणीने २०२४ साली दाखवले की, लहान गाठ असलेल्या व सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसणाऱ्या निवडक स्त्रियांमध्ये पहारेकरी ग्रंथी न काढली तरी चालते. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यामुळे सोप्या शस्त्रक्रिया कमी होत जाणार आणि अवघड तेवढ्या उरणार. ज्या स्त्रियांच्या काखेत आधी रोग होता आणि औषधांनी तो ओसरल्यावर शस्त्रक्रिया होते, त्यांच्यात पहारेकरी अधिक फसवतो. २०१३ सालच्या एका अमेरिकन चाचणीत अशा स्त्रियांमध्ये लपलेल्या चुकांचे प्रमाण १२.६ टक्के आले. निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य दोन्ही वापरले तेथे ते १०.८ होते, एकच वापरले तेथे २०.३. सोपी उदाहरणे न सोडवता एकदम अवघड उदाहरण पुढे आले तर विद्यार्थ्याचे काय होते, हे आम्ही वाचकांना सांगायला नको.

आपल्या बेटाने काय करावे?

आपला देश लहान, वस्ती १२ लाखांच्या थोडी वर. स्तनाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाला काही शेकडो. त्यांतील काहीजणी उशिरा येतात, त्यांना ही शस्त्रक्रिया लागू पडत नाही. काहींना ती लागणारच नाही. उरलेल्या सरकारी रुग्णालये आणि खाजगी दवाखाने यांच्यात वाटल्या गेल्या, तर एकेका सर्जनच्या वाट्याला वर्षाकाठी किती येणार? थोड्या थोड्या कामाने कोणाचाच हात बसत नाही, आणि बसलेला हातही सुटतो.

म्हणून आमचे मत असे की, हे काम थोड्या हातांत एकत्र यावे. दोन-तीन पथके नीट तयार करावीत. सुरुवातीचा काही काळ बाहेरच्या अनुभवी मार्गदर्शकाला येथे बोलवावे, किंवा आपल्या पथकाला सर्जन, परिचारिका आणि रोगनिदानतज्ज्ञ अशा सर्वांसह बाहेर पाठवावे. सर्जनला एकट्याला परिषदेला पाठवून प्रमाणपत्र आणवणे म्हणजे पोहण्याचे पुस्तक वाचून समुद्रात उतरणे आहे.

साधनांचाही विचार हवा. टेक्निशियम सहा तासांत निम्मे होते. ते साठवून ठेवण्याचे द्रव्य नव्हे, त्याची तयारी नियमित लागते. आता याला पर्याय निघाले आहेत. चुंबकाने शोधता येणारे लोहद्रव्य आहे, विशिष्ट प्रकाशात चमकणारी द्रव्येही आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी तर वेगळीच पायवाट तपासून पाहिली. काखेच्या खालच्या ठराविक भागातील ग्रंथी चरबीसह काढून तपासायच्या. त्याला महाग कांडी लागत नाही. त्यांनी ही पद्धत पहारेकरी पद्धतीशी ताडून पाहिली आणि दोन्हींचे निकाल जवळपास सारखे आल्याचे २०१३ साली प्रसिद्ध केले. आपल्याकडील कित्येक रुग्ण उपचारासाठी भारतात जातातच. तेथून औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर ही शहाणपणाची रीतही आणावी. रीत कोणतीही असो, ती करणाऱ्या हाताचा हिशेब ठेवलाच पाहिजे.

तो हिशेब पथकापुरता गुप्त न राहता दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. किती शस्त्रक्रिया झाल्या, किती वेळा ग्रंथी सापडली, किती स्त्रियांच्या हाताला सूज आली, पुढे किती जणींच्या काखेत रोग परत दिसला. कोणा सर्जनला चव्हाट्यावर आणण्यासाठी हे मागत नाही. परीक्षेचा निकाल लावणारी शाळा मुलांची वैरी नसते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की प्रत्येक बाई अनुभवी हातच मागेल, मग नवे सर्जन कसे तयार होणार? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर मागच्या बाकावर आहे. अनुभवी सर्जन शेजारी उभा असेल, बाईला आधी स्पष्ट सांगितलेले असेल आणि तिने मान्यता दिली असेल, तर नव्याच्या हातानेही शस्त्रक्रिया होऊ शकते. न सांगता शिकणे मात्र आम्हाला मान्य नाही. दुसरा आक्षेप असा की आकडे सांगितले तर बायका घाबरतील. आमच्या आज्या-पणज्यांनी या बेटावर उसाच्या मळ्यात राबून संसार उभे केले. त्यांच्या नातींना एक टक्केवारी समजणार नाही, असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. भीती आकड्याने वाढत नाही, ती लपवालपवीने वाढते.

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' असे आपण म्हणतो. ती म्हण शिकणाऱ्यासाठी आहे. सर्जनने अभ्यासाचे, टीकेचे, स्वतःच्या चुकांच्या नोंदीचे घाव सोसावेत. ते घाव शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या बाईने सोसावेत, असा तिचा अर्थ कोणी लावू नये.

भगिनींनो, तुमच्यावर किंवा तुमच्या घरातील कोणावर ही वेळ आली तर संकोच न करता चार गोष्टी विचारा. डॉक्टरसाहेब, ही शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता? त्यांत ग्रंथी किती वेळा सापडते? न सापडल्यास काय करणार? आणि शस्त्रक्रिया आपणच करणार की दुसरे कोणी, तेव्हा शेजारी कोण असेल? एकटीला धीर होत नसेल तर बहिणीला, सुनेला बरोबर न्या, प्रश्न कागदावर लिहून न्या. ज्याने आपला हिशेब ठेवला आहे तो डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही. तो वही उघडून दाखवील.